सोडलेलं दार

यंदाची लग्नसराई आमच्या पालघरच्या फ्लॅटमध्ये एका पेटीतून आली. मखमली, जांभळी, बुटांच्या खोक्याएवढी पेटी. झाकण उचललं की आत बारीक दिवे लागतात आणि सनई वाजते. एका खणात काजू, दुसऱ्यात केशराची डबी, तिसऱ्यात आरसा. आरशावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं, 'आमच्या सोहळ्याचा सर्वांत खास पाहुणा'. म्हणजे आपलंच तोंड. मी पाहिलं. खास पाहुण्याची दाढी वाढलेली होती आणि डोळे दवाखान्याच्या बाकावरून उठून आल्यासारखे दिसत होते, कारण तो तिथूनच आला होता. लग्न कोणाचं, हे कळायला काजूखालचा कागद काढावा लागला.

माझे वामनकाका बोईसरच्या एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात आहेत. वय ऐंशीच्या पुढे, छातीत पाणी झालेलं. डॉक्टर 'बघू' म्हणतात आणि हा शब्द ते दर वेळी वेगळ्या चेहऱ्याने म्हणतात. तेव्हापासून आमच्याकडे फोन वाजला की घर थांबतं. बायको आधी कढईखालचा गॅस बंद करते, मग माझ्याकडे बघते. पेटी आली त्याच दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. एका मुलीने अतिशय गोड आवाजात विचारलं, की सर, झाकण उघडल्यावर लाइट लागली का? मी लागली म्हणालो. मग तिने सुचवलं की पुन्हा एकदा झाकण बंद करून उघडावं, चकित व्हावं, आणि तेवढं मोबाइलवर शूट करून पाठवावं. लग्नाच्या दिवशी मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. मी बरं म्हणून फोन ठेवला. बायकोने गॅस पुन्हा पेटवला. चकित व्हायचं काम तिच्या फोनने आधीच उरकलं होतं.

आमंत्रण ही आनंदाची गोष्ट आहे असं सगळ्या पत्रिकांवर छापलेलं असतं. माझा अनुभव असा की तिच्या दोन्ही टोकांना भीती असते. बोलावणाऱ्याला वाटतं कोणी राहिलं तर, आणि ज्याला बोलवायचं त्याला वाटतं मीच राहिलो तर. म्हणून पत्रिकेच्या तळाशी ती ओळ असते: नजरचुकीने कोणास आमंत्रण द्यायचे राहिल्यास हेच आग्रहाचे आमंत्रण समजावे. ज्याला द्यायचं राहिलं त्याच्याकडे पत्रिकाच नसते, मग ही ओळ तो वाचणार कुठे, असा प्रश्न मी एकदा एका वधुपित्याला विचारला होता. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की माझंच आमंत्रण धोक्यात आलं. तरी ती ओळ न छापणारा बाप मी अजून पाहिलेला नाही.

आता तर कल्पकतेचा पूर आहे. विमानाच्या तिकिटासारखी पत्रिका येते, औषधाच्या पाकिटासारखी येते, त्यावर 'सहकुटुंब, जेवणानंतर' असंही लिहिलेलं असतं. कोळगावला जिल्ह्याच्या कचेरीत काम करणाऱ्या आमच्या एका परिचिताने मुलाच्या लग्नाची पत्रिका सरकारी नोटिशीच्या धर्तीवर काढली. जाड पिवळसर कागद, वर गोल शिक्का, 'आपणास याद्वारे कळविण्यात येते की'. शहरात सगळे हसले. पण आमच्या भागात रस्ता, रेल्वे, बंदर यांच्या नोटिसा घरोघर येऊन गेल्या आहेत. त्याच्या स्वतःच्या मावशीने शिक्का बघितला, कागद देवापुढे ठेवला आणि अंथरूण धरलं. कोणी वाचून दाखवायला आलं, तर ती म्हणे, वाचू नका, कोणती वाडी गेली तेवढं सांगा. चिकूची सगळी झाडं जागेवर आहेत, उलट घरात सून येते आहे, हे तिला पटेपर्यंत हळद लागायची वेळ आली. परिचिताला मी विचारलं, नोटीसच का? तो म्हणाला, काहीतरी हटके हवं होतं.

पेटीतली सनई बंद करायची कळ काही सापडेना. झाकण नीट बसत नव्हतं, म्हणून ती मध्येच आपोआप वाजायची. शेवटी बायकोने तिच्यावर गव्हाचा डबा ठेवला. डब्याखालून बारीक, दबलेली सनई ऐकताना मला मानसीच्या लग्नाचा मे महिना आठवत राहिला.

मानसी माझी पुतणी, थोरल्या भावाची मुलगी. लग्नाला आता काही वर्षं झाली. तिने पत्रिका मोबाइलवरचा व्हिडिओ म्हणून काढली होती. बोईसरच्या एका दुकानात ती मला घेऊन गेली होती. दुकानदार बिहारकडचा, बोलायला मिठ्ठास. कॉम्प्युटरवर नवरा-नवरी ढगांतून चालत येत होते. 'सर, पीछे समुंदर भी डाल देंगे,' तो म्हणाला, 'आपके इधर का ही है।' आणि त्याने एक निळंशार, काचेसारखं पाणी दाखवलं. असलं पाणी आमच्या किनाऱ्याला जन्मात कधी आलेलं नाही. आमचा समुद्र मातकट. मे अखेरीला तर तो चहाच्या रंगाचा होतो. मानसीला निळाच आवडला.

तो व्हिडिओ गावी वामनकाकांना दाखवला. काकांनी तो शेवटपर्यंत पाहिला, फोन परत दिला आणि विचारलं, 'ह्यात आपल्याला कोणी बोलावलं?'

मानसी म्हणाली, सगळ्यांनाच बोलावलंय ना आजोबा.

'सगळ्यांना म्हंजे कोणालाच नाय,' काका म्हणाले, आणि टोपी शोधायला लागले.

आमचं गाव नवापूरच्या अलीकडे, समुद्रापासून आत. वाडीत नारळ, चिकू, थोडी पानवेल. आमच्या घराण्यात आमंत्रणाची एक जुनी रीत आहे आणि काका तिचे एकटेच रखवालदार. दारात जायचं, पण आत पाऊल टाकायचं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून घरच्या कर्त्याला नावाने हाक मारायची, घरात हायस का म्हणून विचारायचं. आतून ओ आली की मग चौकटीला हळदकुंकू लावायचं, हातावर अक्षता द्यायच्या, कोणाचं लग्न, कधी, कुठे ते तोंडाने सांगायचं. त्यानंतर बसणं, पाणी, चहा. ओ येईपर्यंत अक्षता द्यायच्या नाहीत. शेजाऱ्याकडे ठेवायच्या नाहीत. आणि ज्या घरात सुतक असेल त्या दारात अक्षतांचं ताट न्यायचंच नाही. तिथे दिवस झाल्यावर कोणीतरी साध्या कपड्यांत जाऊन सांगून यायचं. माझ्यासारखा माणूस असल्या रीतींना हसतो. मीही हसलो होतो. काकांनी मला गाडी चालवायला घेतलं, वहिनीला, म्हणजे मानसीच्या आईला, ताट धरायला घेतलं, आणि आम्ही दारं घेत निघालो.

त्या मेचा उकाडा मला अजून अंगावर जाणवतो. आंबे पिकून पडत होते आणि उचलायला कोणाला जोर नव्हता. इकडची माणसं वाऱ्याची दिशा दोन कारणांनी बघतात, समुद्रासाठी आणि कारखान्यांसाठी. पूर्वेचा असला की तारापूरच्या चिमण्यांचा उग्र वास, पश्चिमेचा असला की सुकत घातलेल्या बोंबलांचा. त्या आठवड्यात वारा दक्षिणेकडून फिरला. त्याला कसलाच वास नव्हता. बिनवासाच्या वाऱ्याने माणसं जास्त अस्वस्थ झाली. चहाला बसलेला कोणीही मध्येच उठून अंगणात जायचा, माडांचे शेंडे बघायचा आणि परत येऊन बसायचा.

नवापूरला पोचलो तेव्हा मासेमारीचा हंगाम संपत आलेला. बऱ्याच बोटी किनाऱ्यावर ओढून घेतल्या होत्या, त्यांच्यावर ताडपत्र्या चढत होत्या. पण ताडपत्री बांधणारे हात मध्येच थांबत होते आणि सगळ्यांची तोंडं पाण्याकडे होती. एक बोट आली नव्हती. हरेश्वरची.

हरेश्वर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. त्याची बायको यमुना आमच्या आईच्या काळापासून आमच्या दारात मासळी घेऊन यायची. आधी सासूबरोबर, मग एकटी. टोपली उतरवताना ती 'वैनी, हात लावा' म्हणायची आणि टोपली उचलताना भाव न ठरलेला एखादा मासा हमखास मागे राहायचा. मानसी लहानपणी तिच्या हातातल्या बांगड्या मोजत बसायची. तिच्या घराला बोलावणं जाणार, यात कधी प्रश्नच नव्हता.

बंदरावर एकाने काकांना बाजूला घेऊन सांगितलं. वारा फिरायच्या आत बाकीच्या बोटी परतल्या. हरेश्वरची सर्वांत लांब होती. वायरलेसवर आधी आवाज होता, मग नाही. शोधायला गेलेलेही रिकामे आले. सांगणारा माणूस हे सगळं हळू आवाजात, खाली बघत सांगत होता, आणि माझ्या ध्यानात आलं की तो हरेश्वरबद्दल 'होता' असं म्हणतो आहे. चांगला तांडेल होता. कोणी दचकलं नाही. मी मात्र दचकलो.

गल्ली अरुंद, घरं भिंतीला भिंत लागून. काका गल्लीच्या तोंडाशी थांबले. वहिनीच्या हातातलं ताट वाऱ्याने हलत होतं आणि तिने कुंकवावर पदर धरला होता. ती कुजबुजली, की काका, आता तिच्या दारात हे ताट घेऊन कसं जायचं? काकांनी गल्लीच्या आत एकदा पाहिलं. मग म्हणाले, आज तिला लग्नाचं बोलणं म्हंजे तिच्या जखमेवर हळदीकुंकू. मागून बघू. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. तिघांनाही ते माणुसकीचं वाटलं. मला तर काकांचं कौतुक वाटलं, की चला, रीत सोडता येते यांना.

पहिलं घर घेतलं. हाक, ओ, हळदकुंकू, अक्षता. दुसरं घर यमुनाचं. दार उघडं होतं. ती ओटीवर बसून सुतळीचा गुंता सोडवत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, सुतळी खाली ठेवली, पदर सारखा केला. आम्ही तिघेही, जणू समोर काहीतरी महत्त्वाचं दिसल्यासारखे, पुढे बघत चाललो. ती दाराची रुंदी ओलांडायला किती वेळ लागतो? मला ती अजून ओलांडून झालेली नाही.

तिसऱ्या घराशी काकांनी हाक मारली. आतून ओ यायच्या आतच मागे आवाज आला.

'काका, मदी आमचं घर हाय.'

यमुना गल्लीत उभी होती. अनवाणी. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. काका वळले आणि पुटपुटले, 'बाय, मी म्हटलं आता तुझ्या मनाला...'

'माज्या मनाचं ऱ्हाऊ द्या. तुमी आमचं दार सोडलंत. कोणाचं दार सोडतात ते मला ठावं हाय.' ती क्षणभर थांबली. 'तुमाला कोण बोललं, आमच्याकडं सुतक हाय?'

गल्लीतल्या सगळ्या दारांत माणसं आली होती. आणि मला एकदम दिसलं की गेले काही दिवस ही सगळी गल्ली जीव मुठीत धरून एकच शब्द टाळत होती. तिला जेवण आणून देत होती, तिच्या अंगणातली मासळी उचलून ठेवत होती, पण तो शब्द कोणी काढला नव्हता. तो आम्ही काढला, तोंड न उघडता, एक दार सोडून. बोलावणं न देण्याने एखाद्या जिवंत माणसाचं काय होऊ शकतं, हे कुठल्याही पत्रिकेच्या तळाशी छापलेलं नाही.

काका परत फिरले. तिच्या उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले. यमुना त्यांच्या बाजूने आत गेली आणि अंधाऱ्या खोलीत दिसेनाशी झाली. काका नुसतेच उभे. वहिनीने ताट पुढे केलं, काकांनी हाताने थोपवलं. मग आतून यमुना म्हणाली, 'हाक मारा की.'

एवढी भीती मी काकांच्या चेहऱ्यावर आधी पाहिली नव्हती, नंतरही पाहिली नाही. समुद्रात आहे की नाही माहीत नाही अशा माणसाला त्याच्या घराच्या दारात नाव घेऊन हाक मारायची, आणि ओ येईपर्यंत थांबायचं. काकांनी टोपी काढली, परत घातली.

'हरेश्वर. हायस का घरात?'

वारा माडांतून जात होता. मला वाटलं, आता काही येणार नाही, आणि काही आलं नाही तर आपण सगळे या गल्लीत कायमचे उभे राहू.

'हायत,' आतून यमुना म्हणाली. 'दर्यात हायत. येतील.'

वहिनीने चौकटीला कुंकू लावलं, उभी रेघ वाकडी आली. यमुनाने दोन्ही हात पुढे केले. वहिनीने एका हातावर अक्षता दिल्या. 'ह्या माज्या,' यमुना म्हणाली, आणि दुसरा हात तसाच पुढे ठेवला. त्या हातावर दिलेल्या अक्षता तिने कागदात बांधल्या. खुंटीला हरेश्वरचा पांढरा शर्ट टांगलेला होता, लग्नकार्याला घालायचा. पुडी तिने त्याच्या खिशात ठेवली आणि खिसा वरून दाबला. मग तिने आम्हाला पाणी दिलं. लग्न कोणाचं, कुठं, सगळं नीट विचारून घेतलं. मानसीचा नवरा काय करतो तेही.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात लग्नाचे होते, असं म्हणायचं. भीती आता नुसती यमुनाची राहिली नव्हती. आम्ही हरेश्वरला बोलावलं होतं, त्याने ओ दिल्यासारखं झालं होतं, आणि तो आला नाही तर आमच्या मांडवात त्याची जागा रिकामी दिसणार होती. वहिनी रुखवत मांडता मांडता समुद्राच्या बाजूची खिडकी उघडायची आणि लावायची. गावाच्या मोबाइल ग्रुपवर मानसीचा व्हिडिओ फिरत होता. निळ्या समुद्रावरून नवरा-नवरी चालत यायची, त्याच्या खाली निरोप असायचा की बोटीचं अजून काही कळलेलं नाही, त्याच्याखाली कोणीतरी पुन्हा तोच निळा समुद्र पाठवायचं. मी फोन पालथा ठेवायला तेव्हा शिकलो.

लग्न बोईसरच्या हॉलमध्ये झालं. नवरी धुरातून आली, ड्रोन डोक्यावर गुणगुणत होता, भटजींना कॅमेरावाला 'जरा इकडे बघा' सांगत होता. यमुना आली होती. हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, एकटी. तिच्या शेजारची खुर्ची कोणी मागितली की ती 'माणूस हाय' म्हणायची. मंगलाष्टकं झाली तेव्हा तिने आपल्या अक्षता टाकल्या, सगळ्यांबरोबर, नेमक्या वेळी. मग रिकामा हात पदरात घेतला. जेवताना काका तिच्या पंगतीत बसले आणि स्वतःचं ताट अर्धं टाकून उठले. अन्न टाकणाऱ्याला शिव्या घालण्यात त्यांचा सगळा जन्म गेला होता.

एवढं सगळं मला गव्हाच्या डब्याखालच्या सनईने आठवून दिलं. काल मी गावी गेलो. काकांचे धुतलेले कपडे घ्यायचे होते, दवाखान्यात लागतील म्हणून. घरात कोणी नव्हतं. भाऊ आणि वहिनी बोईसरला काकांपाशी. काकांच्या खोलीत औषधाचा आणि तपकिरीचा वास. खुंटीला टोपी. वारा पुन्हा दक्षिणेचा, बिनवासाचा. मी कपाट उघडलं, बनियन काढले, आणि खिशातला फोन वाजेल की काय या भीतीने तो बाहेर काढून पलंगावर ठेवला. फोनकडे पाठ करून मी धोतराच्या घड्या घालत होतो.

तेव्हा अंगणातून हाक आली. पुरुषाचा आवाज, खारा, फाटलेला.

'वामनकाका. घरात हायत का?'

तो आवाज हरेश्वरचा होता. मानसीच्या लग्नाच्या वेळी इंजिन बंद पडून त्याची बोट भरकटली होती. गुजरातकडच्या एका बोटीने तिला ओढत आपल्या बंदराला नेलं. तो घरी पोचला तेव्हा मानसी सासरी गेलेली होती. नंतर ती नवऱ्यासह माहेरपणाला आली, तेव्हा तो पांढरा शर्ट घालून आला, खिशातली पुडी सोडली आणि दोघांच्या डोक्यावर अक्षता टाकून, चहा न घेता गेला.

मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. उंबऱ्याबाहेर हरेश्वर, मागे यमुना, तिच्या हातात ताट. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं आहे हे ऐकलं होतं. काकांना बोईसरला नेलंय हेही त्यांनी ऐकलेलं असणार. असली बातमी आमच्याकडे वाऱ्याच्या आधी पोचते. वाटेतली सगळी दारं घेत ते आले होते. हे दार सोडलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. मीसुद्धा त्यांना समजूतदार म्हटलं असतं.

हरेश्वर आत वाकून बघत नव्हता. यमुना बघत होती, दाराच्या आतल्या अंधाराकडे, आणि ती वाट बघत होती. मला पुढे होऊन सांगता आलं असतं की अहो काका दवाखान्यात आहेत, डॉक्टर बघू म्हणतात. पलंगावर फोन पालथा पडला होता. हातात काकांचं धोतर होतं.

'हायत,' मी आतून म्हणालो. 'बोईसरला हायत. येतील.'

बाहेर यमुनाच्या बांगड्या वाजल्या. ती चौकटीला कुंकू लावत होती. मी धोतर ठेवलं, दोन्ही हात पुसले आणि अक्षता घ्यायला दाराशी गेलो, एका हातावर माझ्या, दुसऱ्या हातावर काकांच्या.